एका शब्दाची कोरी जागा

तीस वर्षं मी लग्नपत्रिका छापतो आहे. जालन्यात मस्तगडला माझा छापखाना आहे. पत्रिकेत एक काना चुकला तरी नवरदेवाचा चुलता येऊन दुकान कसं डोक्यावर घेतो, ते मी भोगलेलं आहे. त्यामुळे जागा कोरी सोडून काही छापणं माझ्या स्वभावात बसत नाही. आयुष्यात तसं एकदाच केलं. साठ पानांचं पुस्तक, प्रती दोनच, आणि शेवटच्या पानावर एका शब्दाची जागा मोकळी. ती मोकळी ठेवायला मला नाहिदनं लावलं.

नाहिद माझ्या छापखान्यामागच्या बोळात ब्लाऊज शिवते. वय चौतीस. नवरा फकरोद्दीन बांगड्या घेऊन आठवडी बाजार फिरतो. घरात बोली उर्दू, पण बापानं हट्टानं मराठी शाळेत घातली, म्हणून बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीत. गल्ली तिला शिवणवाली म्हणते. मी चिडवायला तिला मास्तरीणबाई म्हणायचो, कारण आमच्या ग्रुपवर सगळ्यांच्या चुका तीच काढायची. आता मी तसं म्हणत नाही. आता कुणाचं काही खटकलं तर ती आधी विचारते, "हे चुकून लिहिलंय का मुद्दाम?" हा प्रश्न ती कशी शिकली, तेच सांगायचं आहे. तिनं केलेली दुरुस्ती बरोबर होती, आणि तेच सगळ्यात वाईट आहे.

ग्रुप माझा. पत्रिकांचं निम्मं काम मोबाईलनं खाल्लं तेव्हा दुपारच्या दुपार मला रिकाम्या मिळू लागल्या, आणि मी टेलिग्रामवर एक गाव वसवलं. बोरसराई. नकाशावर शोधू नका, नाही सापडणार. गावातलं एकेक माणूस ज्यानं त्यानं वाटून घ्यायचं आणि त्या माणसाच्या वतीनं लिहायचं. मी सरपंच झालो, कारण मला दुसऱ्यांना बोलायची खोड आहे. मी दोन ओळी टाकल्या की समोरच्यानं त्याच्या पात्राकडून उत्तर द्यायचं, मग तिसऱ्यानं. अशी गोष्ट पुढं सरकायची. कुठं जाणार हे कुणालाच ठाऊक नसायचं. सुरुवातीला अकरा जण होतो. पुढं लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, कंटाळा आला. उरलो सहा.

नाहिदनं तुळजाबाई नावाची म्हातारी घेतली. एकटी राहणारी, तोंडानं फटकळ. तिची पहिली ओळ मला अजून पाठ आहे: 'तुळजाबाई कारभारीला खूप रागावली व कारभारीला खूप पश्चात्ताप झाला व तो रडू लागला.' मी तिला तिथंच धरलं. म्हटलं, बाई, पश्चात्ताप त्याचा त्याला होऊ द्या. रडायचं का नाही ते तो ठरवेल. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडात शब्द घालायचा नाही आणि डोळ्यात पाणीही आणायचं नाही. हा पहिला नियम. दुसरा नियम, 'दुःख झालं' असं लिहायचं नाही. हातातलं काम काय झालं ते लिहायचं. आणि तिसरा, आपलं लिहून झालं की समोरच्याला धरायला काहीतरी मागं ठेवायचं. सगळं आवरून दार लावून घेतलं तर पुढचा येणार कुठून?

मी काही मोठा लिहिणारा नव्हे. पत्रिका तपासून तपासून जे कळलं तेवढं सांगत होतो. पण नाहिदनं ते फार मनावर घेतलं. मशिनच्या खणात एक वही ठेवली. ब्लाऊजच्या मापाला बाया यायच्या, त्या काय बोलतात ते वहीत उतरवायची. सहा महिन्यांत तिची तुळजाबाई अशी बोलू लागली की मला माझी आत्या आठवायची. एकदा तिनं लिहिलं, 'तुळजाबाईनं अर्धा कांदा चिरला आणि विळी आडवी केली.' बस, एवढंच. कोण मेलं, कोण गेलं, काही नाही. मी दुकानात एकटाच 'वा' म्हणालो.

कारभारी हा गावातला सुतार. तो सूरजचा.

सूरज जांब समर्थ गावचा. तिशीचा. त्याची आई बेबीनंदाबाई देवळापाशी हार-नारळ विकते. सूरज जालन्याला एका रोलिंग मिलमध्ये कामाला होता. तापलेली सळई उलटी फिरली आणि त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. जमलेलं लग्न मोडलं, आणि तो गावी आईजवळ जाऊन बसला. हे मला त्यानं कधी सविस्तर सांगितलं नाही, तुकड्यातुकड्यानं कळलं. तो डाव्या अंगठ्यानं लिहायचा. म्हणून त्याची वाक्यं आखूड. 'दार फुगलंय. रंधा मारावा लागंल. आज न्हाई. आज लाकूड ओलं हाय.' आम्ही बाकीचे पान पान लिहायचो आणि त्याच्या चार ओळी आमच्यावर मात करायच्या. नाहिदनं त्याचं पाहून आपली निम्मी विशेषणं काढून टाकली.

आणि त्यानं पात्र घेतलं ते सुताराचं. पटाशी धरणारा, रंधा मारणारा, दोन्ही हातांनी दार उचलून चौकटीत बसवणारा. मला हे तेव्हा दिसायला पाहिजे होतं. मी फक्त म्हणालो, सूरज, हत्यारांची नावं बरी माहीत आहेत रे तुला.

आता शब्दाकडे येतो. सुरुवातीच्या दिवसांत नाहिदनं लिहिलं होतं, 'तुळजाबाई उठली आणि म्हणाली, जाते मी.' तिच्या घरात 'चलती मैं' म्हणायची रीत, तेच मराठीत उतरलं. त्यावर सूरजनं लिहिलं: "ताई, आपल्याकडं जाते न्हाई म्हणत. येते म्हणायचं. जाते म्हणलं की माय पाठीत घालती." नाहिद हसली आणि शब्द वहीत उतरवला. दोन वेळा खाली रेघ मारली. ती रेघ मी नंतर पाहिली.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता तुळजाबाईच्या दाराची गोष्ट सुरू झाली. दार फुगलेलं, लागत नाही, आणि कारभारी दुरुस्तीला येतो. म्हटलं तर दोन दिवसांचं काम. दोघांनी ते अडीच महिने चालवलं. तो थोडं रंधून जायचा, ती चहा द्यायची, दार परत अडायचं. त्या दोन माणसांना दार लागायला नको होतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आम्ही बाकीचे गावात भांडणं लावत होतो, निवडणूक घेत होतो, पण सगळ्यांचं लक्ष त्या दाराकडं.

एका मंगळवारी दुपारी सूरजचं लिहिणं आलं.

'दार बसलं. कारभारीनं दोनदा उघडलं, दोनदा लावलं. आवाज न्हाई. ढलप्या झाडून काढल्या. हत्यारं पिशवीत भरली. म्हणाला, जातो तुळजाबाई.'

नाहिद मशिनवर होती. तिनं लगेच खाली टाकलं: "सूरजभाऊ, सापडली चूक! कारभारी 'जातो' म्हणेल का? तुम्हीच शिकवलं ना मला?" पुढं हसरे चेहरे दोन.

मी तिच्या ओळीखाली शाबासकीचा अंगठा टाकला. वर माझं शहाणपण जोडलं: "आणि सगळंच आवरून टाकलंस की. पुढच्यानं धरायचं काय? काहीतरी मागं ठेव."

थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं. "बराबर आहे काका. ताईचं पण बराबर."

मग त्यानं लिहिलेलंच बदललं. हत्यारं पिशवीत भरली, याच्यापुढं एक वाक्य आलं: 'रंधा तेवढा तिच्या ओसरीवर राहू दिला.' आणि शेवट, 'म्हणाला, येतो तुळजाबाई.'

मी लिहिलं, "आता कसं!"

हे दोन शब्द मला आता जन्मभर पुरणार आहेत.

नाहिदनं संध्याकाळच्या आत उत्तर लिहिलं. तुळजाबाई रंधा उचलते, पात्याला गंज चढू नये म्हणून तेलाचं बोट फिरवते, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवते, आणि वाट पाहते. फार चांगलं लिहिलं होतं. बुधवारी सूरजचं काही आलं नाही. गुरुवारी कुणीतरी गंमत केली, सुतार चहाचे पैसे बुडवून पळाला. शुक्रवारी मी फोन लावला. बाईचा आवाज आला, त्याची आई असावी.

"कोन?"

"सूरज आहे का? मी जालन्याहून रामप्रसाद. छापखानावाला."

"सूरज न्हाई राह्यला बाबा. मंगळवारीच गेला."

"कशानं?"

"त्याचा त्योच गेला," ती म्हणाली, आणि फोन बाजूला कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. तिला तो बंद करता येत नसावा. मागं देवळाची घंटा वाजत होती. शेवटी मीच बंद केला.

सूरजनं जीव दिला होता. त्या दुपारी आमच्याशी बोलून झाल्यावर, दोन-तीन तासांत.

मी नाहिदला दुकानात बोलावून सांगितलं. ती कागदाच्या गठ्ठ्यावर बसली. बराच वेळ हातातली टेप बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मग म्हणाली, "भाऊ, जातो म्हणायचं नसतं हे ज्यानं मला शिकवलं, तो चुकून जातो लिहील का?"

तोवर मला हे सुचलं नव्हतं. तीस वर्षं चुका शोधणारा माणूस मी, आणि जी चूक नव्हती ती मला चूक वाटली. वर मी त्याला काहीतरी मागं ठेव म्हणालो, तर त्यानं रंधा ठेवला. कसलेल्या लिहिणाऱ्याचं वाक्य म्हणून मी त्यावर खूश झालो. ओळखलं असतं तर तो वाचला असता का, मला ठाऊक नाही. कुणीच सांगू शकत नाही. पण फोन केला असता, एवढं नक्की.

नाहिदनं ग्रुपवर लिहिणं थांबवलं. बाकीच्यांपैकी एकानं सुचवलं की कारभारी आता दुसऱ्या कुणाला द्यावा, गोष्ट अडली आहे. मी त्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही.

महिन्यानं बेबीनंदाबाईंचाच फोन आला. "त्यो मोबाईलवर दिवसभर काय लिव्हत व्हता, ते मला वाचायचंय. मला सातवीपस्तोर येतं. त्याच्या मोबाईलचं मला काय उघडत न्हाई. कागदावर मिळंल का?"

मी म्हटलं, मिळेल. कारभारी आणि तुळजाबाईचं सगळं मी एकत्र केलं, अक्षर मोठं ठेवलं, साठ पानं झाली. तपासायला नाहिदला दिलं. तिनं एकही काना-मात्रा बदलला नाही, सूरजचं 'न्हाई' आणि 'हाय' सगळं तसंच ठेवलं. शेवटच्या पानावर येऊन थांबली.

"इथं 'जातो' घ्या भाऊ."

मी म्हटलं, "काय गरज आहे? त्यानं स्वतःच बदललंय. आता मोबाईलवरही 'येतो'च आहे. पहिला शब्द उरलाय तो फक्त तू चूक काढलीस त्या ओळीत. पोरगा येतो म्हणाला, एवढं तरी राहू दे त्या माउलीला."

"तो माझा शब्द आहे. त्याचा न्हाई. मी दुसऱ्याच्या तोंडात शब्द घातला. पहिला नियम कुणाचा होता?"

"अगं, पण 'जातो' वाचल्यावर ती विचारेल. मग सांगावं लागेल की त्यानं आपल्याला सांगितलं होतं आणि आपण हसलो."

"तेच सांगायचंय."

"आणि तिनं हाकलून दिलं तर?"

"हाकलू द्या."

दोन दिवस आम्ही यावर भांडलो. मी तिच्यावर ओरडलोसुद्धा, आणि ते त्या माउलीच्या काळजीपोटी नव्हतं, मला स्वतःला त्या बाईसमोर उभं राहायचं नव्हतं म्हणून होतं. हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही. तेव्हा वाटत होती. शेवटी नाहिद म्हणाली, जागा सोडा. मी तिथं जाऊन सांगते, आणि तिच्यासमोर हातानं लिहिते. म्हणून ती कोरी जागा.

एका सोमवारी आम्ही एसटीनं जांबला गेलो. नाहिदनं दोन्ही प्रती नव्या कापडाच्या पिशवीत घातल्या होत्या. पिशवी तिनंच शिवलेली. देवळाजवळ एका पत्र्याच्या छपराखाली बेबीनंदाबाई बसल्या होत्या, समोर नारळाची रास, मांडीवर झेंडूची परडी. साठीच्या आतबाहेर, सडसडीत. आम्ही नावं सांगितली. "तुळजाबाई तुमी का?" त्यांनी नाहिदला विचारलं. सूरजनं घरी तेवढं सांगितलेलं होतं. नाहिदनं मान हलवली. त्यांनी आम्हाला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं आणि पुस्तक उघडलं.

त्या बोट ठेवून वाचत होत्या. मधे गिऱ्हाईक यायचं, त्या नारळ द्यायच्या, बोट ओळीवरून हलवायच्या नाहीत. दहा-बारा पानांनंतर मान वर न करता म्हणाल्या, "हितं त्याला दोन्ही हात हायेत."

नाहिदनं पदर तोंडाला लावला. मी देवळाच्या शिखराकडं पाहत बसलो.

साठ पानं वाचायला त्यांना दुपार लागली. आम्ही हललो नाही. शेवटच्या पानावर त्यांचं बोट त्या जागेवर आलं.

"हितं काय राह्यलं?"

नाहिद बाकड्यावरून उतरून त्यांच्यासमोर खाली बसली. तिनं सगळं सांगितलं, काहीच वगळलं नाही. शब्द तिला कुणी शिकवला होता, तिनं काय लिहिलं, हसऱ्या चेहऱ्यांसकट. माझं मी सांगितलं. 'आता कसं'सुद्धा. नाहिद शेवटी म्हणाली, "अम्मा, त्यानं आम्हाला सांगितलं व्हतं. मी वाचलं, आणि त्याची चूक काढली. मला माफ करू नका पाहिजे तर. पण तुम्हाला खरं माहीत पाहिजे."

बेबीनंदाबाईंनी परडीतलं एक फूल घेतलं, सुईत ओवायला गेल्या, आणि ते तसंच हातात राहिलं. मला वाटलं, आता उठा म्हणतील.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"दुपारी. दीड-दोन."

"मंग तीनला त्यो हितं आल्ता. म्या हार करून राह्यले व्हते. म्हणला, माय, जातो म्या." त्या थांबल्या. "म्या म्हणले, जातो म्हणू न्हाई रे बाबा, येतो म्हण."

नाहिदनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं.

"त्यो हासला. म्हणला, आज समदे मला हेच शिकवून राह्यले. म्या विचारलंबी न्हाई कोन समदे म्हणून. गिऱ्हाईक व्हतं." त्यांनी फूल परडीत ठेवलं. "मंग म्हणला, बरं, येतो. अन् गेला."

नाहिदनं त्यांचे पाय धरले होते. ती रडत होती आणि त्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, पण तो हात कुठं पडतोय याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. त्या म्हणाल्या, "येवढ्या दिवसांत म्या कोनाला सांगितलं न्हाई हे. कोनाला सांगावं?"

नाहिदनं डोळे पुसून पेन काढलं. बेबीनंदाबाईंनी ते पेन तिच्याकडून घेतलं. "आन हिकडं. म्या लिव्हते." पुस्तक मांडीवर धरून त्यांनी त्या मोकळ्या जागेत सावकाश दोन अक्षरं काढली. सातवीच्या वहीतली अक्षरं, ठसठशीत. जातो. मग म्हणाल्या, "हितं तरी त्याच्या मनाचं राहू द्या."

दुसऱ्या प्रतीवरही त्यांनीच लिहिलं. ती नाहिदसाठी.

जालन्याची एसटी लागली होती. आम्ही उठलो. नाहिद छपराच्या कडेला जाऊन उभी राहिली, वळली, आणि तिला निरोपाचा शब्द सापडेना. चार वर्षं ग्रुपवर लिहून मराठी एवढं घोटलेली बाई, तिच्याकडं दोन अक्षरं नव्हती. माझ्याकडंही नव्हती.

बेबीनंदाबाईंनी पुस्तक पिशवीत घालून मांडीवर घेतलं आणि तिच्याकडं पाहिलं.

"येत जा," त्या म्हणाल्या.